रिठ्याने पांढरं निघत नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या भरवशावर कोणी पोतंभर रिठे आणून बसायला नको. रिठ्याने घामाचा वास जातो. स्वेटर, रेशमी साडी, तान्ह्या बाळाची झबली छान निघतात. टेम्पोचं ऑईल निघत नाही, हळद निघत नाही, रक्त तर मुळीच निघत नाही, आणि पांढरं कापड चार धुण्यांत चहाच्या फडक्यासारखं दिसायला लागतं. एवढं कळायला मला पंधरा दिवस पुरले असते. मला दीड वर्ष लागलं, कारण मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

आमची वस्ती श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या पुढे, पाटाच्या कडेला. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात, तसंच मीही म्हणते. मामा सत्तरी ओलांडलेले, माळकरी, ऊस आणि गाई मुलाच्या स्वाधीन करून मोकळे झालेले. अंगावर धोतर, सदरा, टोपी. तिन्ही पांढरी, आणि पांढरी म्हणजे बगळ्याने लाजावं अशी. ती करामत आत्यांची. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मामांची कापडं दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिली नव्हती. पूर्वी साबणाची वडी आणि धोपाटणं, पुढे पावडर, शेवटच्या पाण्यात निळीचे दोन थेंब. धोतर तारेवर टाकून झालं की त्या चार पावलं मागे सरत, कमरेवर हात ठेवत आणि बघत राहत.  मला या घरात येऊन चौदा वर्षं झाली. आत्यांना एवढं समाधानी मी दुसऱ्या कशाहीपुढे पाहिलेलं नाही, नातवंडांपुढेसुद्धा नाही.

मामांना खाज सुटली ती आधी मानेला, मग कमरेला धोतराच्या गाठीखाली, मग सगळ्या पाठीला. सकाळी त्यांची चादर झटकायला घेतली की रक्ताचे ठिपके दिसायचे. आत्या म्हणायच्या, उष्णता हाय अंगात, आणि सब्जाचं पाणी द्यायच्या. शेवटी माझ्या नवऱ्याने त्यांना दुधाच्या टेम्पोत बसवून श्रीरामपूरला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले होते. डॉक्टरांनी पडद्याआड नेऊन पाठ पाहिली, बाहेर आणून मानेवर सदऱ्याची पट्टी टेकते तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "पाणी बोअरचं का?" जड पाण्यात पावडर पुरती निघत नाही म्हणाले, कापडात राहते आणि घामाबरोबर अंगाला लागते. साबण, पावडर, नीळ, सगळं बंद. मलम त्यांनी दिलं, पण कापड बदललं नाही तर मलमाचा काही उपयोग नाही, हेही बजावलं.

घरी आल्यावर मी आत्यांच्या हातातून धुणं काढून घेतलं. "द्या" म्हणाले नाही, काढूनच घेतलं. मी बीए झालेली, अंगणवाडीत सेविका, गावातल्या बायांना हात कसे धुवायचे ते शिकवणारी. आत्यांना यातलं काय कळणार, असं मला वाटलं आणि मी ते तोंडावर म्हटलं.  पावडरचं पुडकं त्यांच्यादेखत मी शेजारच्या वस्तीवर देऊन टाकलं.

पुढचे तीन-चार महिने मी काय काय केलं याची आता लाज वाटते. बाभळीच्या राखेचं पाणी निवळून त्यात कापडं भिजवली. मळ निघाला, पण माझ्या हातांची सालटंही निघाली, आणि ज्या पाण्याने माझे हात सोलले ते मामांच्या पाठीला कसं चाललं असतं? एका प्रशिक्षणात लिंबाच्या साली आणि गूळ आंबवून धुण्याचं पाणी करायला शिकवलं होतं. बाटली फुगली आणि एक दिवस झाकण उडालं. भिंतीला महिनाभर मुंग्या होत्या. नवऱ्याने मोबाईलवरून एक निळा चेंडू मागवला. त्याच्या पोटात खडे होते आणि तो नुसता पाण्यात टाकला की कापडं निघतात म्हणे. पोरांनी त्याने क्रिकेट खेळलं, तेवढाच त्याचा उपयोग. मामांना आठवलं की त्यांची आई हिंगणबेटाच्या फळांनी लुगडी धूत असे. ती माळावरची झाडं शोधून फळं आणली. फेस झाला, माझी एक रेशमी साडी नव्यासारखी झाली, आणि धोतर होतं तसंच राहिलं.

मग रिठे. फोडायचे, आतली काळी बी काढायची, साली रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, हाताने कुस्करून पाणी गाळून घ्यायचं. घरभर एक उग्र, आंबूस वास. पहिल्या धुण्यानंतर टोपी हातात घेऊन मी मामांसमोर गेले. ती पिवळट दिसत होती. मामांनी ती फिरवून पाहिली आणि म्हणाले, "झ्याक हाय की. डोक्यावर बसली म्हंजे झालं." आत्या पलीकडे भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आणि महिनाभराने कापडं पांढरी निघायला लागली.

मी सकाळी धुऊन तारेवर टाकून अंगणवाडीत जायचे. दुपारी तीन-साडेतीनला परत यायचे तेव्हा धोतर उन्हात लखलखत असायचं. आत्या म्हणाल्या, "लई झ्याक निघतंय गं तुझ्या रिठ्यानं. मी उगंच नावं ठेवत हुते." चौदा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. तिथेच मला शंका यायला हवी होती. त्याच पाण्यात धुतलेली नवऱ्याची बनियनं मेणचट राहतात आणि मामांचं धोतर तेवढं लख्ख होतं, हे मला दिसत होतं. मी ठरवून टाकलं की मामांचं कापड जुनं आणि अस्सल सुती, म्हणून ते रिठ्याला मानवतं. स्वतःला पटवायचं असलं की माणसाला कारणांची वाण पडत नाही. बचत गटात मी छाती पुढे काढून सांगितलं, आमच्या मामांचं धोतर बघा आणि मग बोला. चार बायांना मी स्वतः रिठे आणून दिले. एकीने आठ दिवसांत परत केले. तिच्या हातालाच धुणं येत नाही, असं मी म्हणाले.

पण मामांची पाठ बरी होईना. उलट वाढली. माझं डोकं चालेना. मी वांगं बंद केलं, शेंगदाणे बंद केले, गोधडी बदलली. पाटाला पाणी सुटलं की हंडे भरभरून आणलं, कापडं त्यात पुन्हा खळबळली. एक दिवस मी त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर संशय घेतला. तसं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. रागावले नाहीत. माळेवर हात ठेवून फक्त म्हणाले, "हिचं काय न्हाई, पोरी." डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "पावडर नक्की बंद आहे ना?" मी दोन्ही वेळा त्यांच्यावर चिडले. घरी येऊन मात्र रिठ्याच्या घमेल्यासमोर बसून रडले. माझ्याकडे आता दुसरं काही उरलंच नव्हतं. हे नाही तर काय, असा प्रश्न पडायचा आणि पुढे अंधार.

मामा वाळत चालले होते. माणसांत बसणं त्यांनी बंद केलं, कारण चारचौघांत खाजवणं बरं दिसत नाही. मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर त्यांची ठरलेली जागा होती, तिथे दुसरं कोणी बसायला लागलं. त्यांनी सोडलं नाही ते एकच, सप्त्यातला वीणा.

आमच्या गावात दरवर्षी हरिनामाचा सप्ता बसतो. सात दिवस देवळात वीणा खाली टेकवायचा नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, ज्याचा पहारा असेल त्याने तो घेऊन उभं राहायचं. दुपारचा दोन तासांचा पहारा कित्येक वर्षं मामांचा. एक हात दांडीला, दुसऱ्या हाताचं बोट तारेवर. खाजवायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. मी म्हटलं, "मामा, यंदा राहू द्या." नवराही म्हणाला. मामा म्हणाले, "यंदा न्हाई म्हनलं तर पुढल्या साली कोन इचारनार न्हाई. मग म्या गावात कशाला जायाचं?" 

त्या आठवड्यासाठी मी नवे रिठे आणले. दोन धोतरं, दोन सदरे, दोन टोप्या स्वतः धुतल्या, दोनदा खळबळल्या. पहिल्या दिवशी सप्ता बसायच्या वेळी सकाळीच मामा देवळात निघाले तेव्हा इतके स्वच्छ दिसत होते की मला माझाच अभिमान वाटला. आत्या दारात उभ्या राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत होत्या.

अंगणवाडी सुटल्यावर मी सरळ देवळात गेले. पहारा संपत आला होता. टाळ चालू होते. मामा खांबाजवळ वीणा घेऊन उभे, डोळे मिटलेले, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. बाया एकमेकींना दाखवत होत्या. एक म्हणाली, "बघ गं, कसा रंगलाय म्हातारा. डोळं वाहायला लागलं." माझेही डोळे भरले. वीणा ज्याच्या गळ्यात असेल त्याच्या पाया पडायची रीत आहे, मग तो कोणीही असो. रांगेने बाया पाया पडत होत्या, मीही रांगेत उभी राहिले.

एरवी सून सासऱ्यांच्या अंगाजवळ कधी जाते? त्यांची वाळलेली कापडं तारेवरून काढून घड्या करायच्या आत्या, पेटीत ठेवायच्या आत्या. माझ्या हाती यायची ती दुसऱ्या दिवशी, घामाची आणि मलमाच्या वासाची. त्या दिवशी मी वाकले, कपाळ त्यांच्या पायांवर टेकवलं, आणि धोतराच्या काठाचा वास माझ्या नाकात शिरला. मोगऱ्याचा. दुकानातल्या पावडरचा तो गोडसर मोगरा.

मी तशीच वर पाहिलं. मामांनी डोळे उघडले होते. वीण्याच्या दांडीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. ते रंगले वगैरे काही नव्हते. त्यांची पाठ पेटली होती आणि ते हलू शकत नव्हते. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. त्यांनी मान अगदी किंचित हलवली, नको म्हणाल्यासारखी. मागची बाई मला म्हणाली, "सरक की गं." मी सरकले.

घरी कशी आले ते आठवत नाही. आत्या गोठ्यात पेंड भिजवत होत्या. मी विचारलं, "पावडर कुठंय?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेंडीच्या पोत्यात हात घालून पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. लपवाछपवी संपली याचं त्यांना बरंच वाटलं असावं. मी अंगणवाडीत गेले की त्या तारेवरची ओली कापडं काढून गोठ्यामागे पुन्हा धूत होत्या. सगळे महिने. सप्त्यासाठी बेलापूरच्या बाजारातून मुद्दाम वासाची, चांगल्यातली पावडर आणली होती.

मी तोंडाला येईल ते बोलले. इथे लिहिण्यासारखं नाही. आत्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "रगात निघत न्हवतं गं रिठ्यानं."

मला कळेना.

"मानेवर रगताचं डाग पडायचं. तुझ्या पान्यानं ते काळं व्हायचं. तसला सदरा घालून कट्ट्यावर बसलं तर लोकं काय म्हनतील? ह्या घरात बाई हाय का मेली? म्हनून एकडाव पावडर लावली. निघालं. मग लावत गेले." त्यांनी पुडक्याकडे पाहिलं. "सात पान्यांतनं काढायचे गं. पावडर पान्यासंगं जाती, कापडात कशी ऱ्हाईल? म्या म्हनलं, डाक्टर सांगतोय ते सांगतोय. खाज उष्णतेची हाय."

पावडरने खाज, खाजेने रक्त, रक्तासाठी पुन्हा पावडर. वर्षभर आम्ही दोघी त्या एका माणसाला या घाण्याला जुंपून फिरवत होतो. मी सकाळी रिठ्याने धुवायची, त्या दुपारी पावडरने. आणि मी बचत गटात भाषणं देत होते.  आत्यांवर ओरडायला आता माझ्याकडे तोंड नव्हतं. धुणं मी हिसकावून घेतलं नसतं, बसून नीट सांगितलं असतं, तर त्यांनी चोरून धुतलं असतं का?

आत्यांनी हळूच विचारलं, "वीणा घेऊन हुबं हाईत नव्हं? खाज सुटलीय का?"

"रडतायत," मी म्हणाले. "लोकांना वाटतंय देवासाठी."

त्या उठल्या, पेटीतून दुसरा जोड काढला, तो नाकाशी नेला आणि परत आत टाकला. घरात पावडर न लागलेलं मामांचं एकही कापड नव्हतं. शेवटी त्यांनी आपलं एक जुनं, विरलेलं लुगडं काढलं आणि दारात जाऊन बसल्या.

मामा आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. नवरा टेम्पो घेऊन बाहेर होता, मलम लावायला रोज तोच असायचा. आत्यांनी मामांना ओसरीवर बसवलं आणि कोमट पाण्याने सदरा भिजवत भिजवत सोडवला. पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आत्यांनीही. ती पाठ म्हणावी अशी राहिलीच नव्हती. आत्यांचा हात थांबला.

"तुमाला कळत हुतं?" त्यांनी विचारलं.

"कळायचं न्हाई व्हय? पह्यल्याच दिशी वास आल्ता."

"मग बोलला का न्हाईत?"

मामांनी अंगणातल्या तारेकडे पाहिलं. मग म्हणाले, "तारंवर धोतर टाकून तू बघत हुबी राहायचीस. हिनं धुनं हातातनं काढून घेतल्यावर चार-पाच महिनं तू अंगनात आलीच न्हाईस. मग एक दिशी परत आलीस. म्हनलं असू दे."

आत्यांनी ते विरलेलं लुगडं त्यांच्या पाठीवर टाकलं आणि स्वयंपाकघरात गेल्या.   मामा मला म्हणाले, "तिला काय बोलू नको." मी बोलून चुकले होते.

दुसऱ्या दिवसापासून मामांचा पहारा दुसऱ्याने घेतला. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनालाही ते गेले नाहीत. देवळातला आवाज वस्तीपर्यंत येत होता. ते ओसरीवर पालथे पडून ऐकत होते आणि वीण्याच्या तारेवर असल्यासारखं एक बोट हलवत होते. पाठीवर जखमा चिघळल्या होत्या, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिनाभर येरझाऱ्या झाल्या. आता बरं आहे म्हणायचं. पुरतं नाही. पुढच्या सप्त्यात वीणा त्यांना विचारतील की नाही, कोणी सांगू शकत नाही, आणि आम्ही घरात तो विषय काढत नाही.

धुणं मी आत्यांना परत दिलं. रिठ्याचं पाणी त्या माझ्यापेक्षा चांगलं करतात. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात मीठ टाकून चोळतात, तेवढ्याने निम्मा तरी जातो. बाकीचा राहतो. धोतर बदामी झालं आहे, टोपी त्याहून गडद. पहिले काही आठवडे आत्या ती कापडं गोठ्यामागे वाळत घालायच्या, जिथे रस्त्यावरून दिसत नाही. पुढची तार मोकळी असायची. एकदा मी म्हटलं, "इकडे ऊन चांगलं आहे, आत्या." त्या म्हणाल्या, "तिकडंबी हाय."

मग एका रविवारी मामा उठले. गोठ्यामागून ओलं धोतर काढून आणलं आणि पुढच्या तारेवर टाकायला लागले. आयुष्यात त्यांनी कधी धुणं वाळत घातलेलं नव्हतं. एक टोक मातीत लोळत होतं, चिमटा उलटा लावला होता. मी उठले तर आत्यांनी मला हाताने थांबवलं.

पलीकडच्या वस्तीवरची एक बाई धुण्याची बादली घेऊन पाटाकडे चालली होती. ती थांबली. "कुनाचं गं हे धोतर?" तिने विचारलं. "गड्याचं का?"

आत्या पुढे झाल्या. मातीतलं टोक उचललं, झटकलं, तारेवर नीट ताणलं.

"आमच्या मानसाचं हाय," त्या म्हणाल्या. "म्या धुतलंय."

बाई पाटाच्या वाटेला लागली. आत्यांनी दुसरा चिमटा लावला आणि मागे वळून न बघता घरात निघून गेल्या. चार पावलं मागे सरले ते मामा. कमरेवर हात ठेवून, आत्यांसारखेच, ते त्या बदामी धोतराकडे बघत पुष्कळ वेळ उभे राहिले.